फावल्या वेळचा स्वेटर

आमच्या भागात थंडी ती काय, असे बाहेरगावची मंडळी नेहमी विचारतात. लातूर जिल्ह्याचे नाव निघाले की त्यांच्या डोळ्यांपुढे ऊन, काळी भेगाळलेली जमीन आणि पाण्याची टंचाई एवढीच चित्रे येतात. परंतु ज्याने मार्गशीर्षातील पहाट किल्लारीस काढली आहे, तो असे म्हणणार नाही. तेरणेच्या खोऱ्यातील हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि आडोसा म्हणून डोंगर वा दाट झाडी नाही. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळात टाकून देते. ती अडवून धरावयास वर ढग नसतात. त्यामुळे दुपारी सदऱ्यानेही उकडते, आणि पहाटे पारा कधीकधी दहा अंशांच्याही खाली उतरतो. सकाळच्या शाळेस निघालेली मुले दोन्ही हात काखेत घालून चालताना दिसतात, ती याच दिवसांत.

थंडीची तयारी करावयाची ती दिवाळीच्या सुट्टीत, कारण थंडी नेमकी तिच्या मागोमाग येते. म्हणून या अंकात आम्ही एका जुन्या उद्योगाविषयी लिहीत आहोत. घरी व सुट्टीत जो वेळ तुकड्यातुकड्यांनी फुकट जातो, त्यात स्वत:च्या हाताने एक स्वेटर कसा विणावा आणि तो का विणावा, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असा हेतू आहे.

‘का’ हा प्रश्न प्रथम घेऊ. कारण पालक तोच प्रथम विचारतील, आणि तो रास्तही आहे. बाजारात आयता स्वेटर मिळतो, आणि पुष्कळदा तो विकत आणलेल्या लोकरीच्या किंमतीपेक्षाही स्वस्त पडतो. १९५९ नंतर भारतात आश्रयास आलेले तिबेटी लोक हिवाळ्यात ठिकठिकाणच्या शहरांत लोकरी कपड्यांची दुकाने मांडून बसतात. त्यांच्याकडील पुष्कळसा माल पंजाबातील लुधियाना येथील कारखान्यांत तयार झालेला असतो. कारखान्यातील यंत्र जे काम काही मिनिटांत उरकते, त्यास मुलाने चाळीस-पंचेचाळीस तास घालावे यात कोणता शहाणपणा? पैसा वाचतो, असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पहिल्या स्वेटरात तो वाचत नाही. हाताच्या स्वेटराचा फायदा दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी दिसू लागतो, आणि त्याचे मर्म त्याच्या विणीतच आहे.

कापड दोन प्रकारांनी तयार होते. हातमागावर वा यंत्रमागावर उभे धागे ताणून त्यांतून आडवा धागा खालीवर ओवून जे होते, ते विणलेले कापड. धोतर, लुगडे, चादर, घोंगडी ही सारी या जातीची. स्वेटराची जात निराळी. त्यात उभे-आडवे असे दोन धागे नसतातच. एकच अखंड धागा असतो, आणि त्याचे फास एकमेकांतून काढलेले असतात. खालच्या ओळीतील प्रत्येक फासातून वरच्या ओळीतील एक फास ओढून घ्यावयाचा, मग त्यातून पुढचा. याच फासास ‘टाका’ म्हणतात. माणसाने हात उचलला की फास उभे लांबट होतात, वाकला की आडवे पसरतात, आणि सोडले की पुन्हा जागेवर येतात. म्हणून स्वेटर अंगासरशी बसतो. आणि धागा एकच असल्यामुळे शेवटचे टोक सोडवून ओढीत गेले, तर संपूर्ण स्वेटर उलगडून पुन्हा लोकरीचा गुंडा होऊ शकतो. धोतर फाटले तर त्याचा धागा परत मिळत नाही. स्वेटर आखूड झाला तरी त्याची लोकर परत मिळते. दहा-बारा वर्षांचे मूल वर्षास दोन इंचांच्या आसपास वाढते. आयता स्वेटर दुसऱ्या हिवाळ्यात मनगटावरून सरकतो व तिसऱ्या हिवाळ्यात धाकट्या भावंडाकडे जातो. हातचा स्वेटर उसवून, आणखी एक गुंडा जोडून, त्याच मुलासाठी पुन्हा विणता येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाजारातील पुष्कळ स्वेटर यंत्रावर विणलेल्या लांबलचक पट्ट्यातून कापून शिवलेले असतात. ते उसवले तर प्रत्येक ओळीच्या टोकाशी धागा तुटलेला निघतो आणि हाती नुसते तुकडे येतात. शिवण उलटी करून पाहावी. कडेस कापलेल्या धाग्यांवर दाट टीप मारलेली असेल, तर त्या स्वेटरास दुसरा जन्म नाही असे समजावे.

आता दुसरा प्रश्न लोकरीचा. दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांत खरी लोकर किती, हे वेष्टनावर वाचल्यावाचून घेऊ नये. पुष्कळ गुंडे ॲक्रिलिकचे, म्हणजे रसायनांपासून तयार केलेल्या धाग्याचे असतात. तो धागा मऊ, रंगीत व स्वस्त असतो, धुण्यास सोपा असतो, त्यास कसर लागत नाही. हे त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. खरी लोकर मात्र नागमोडी असते. तिच्या वळणांत हवा कोंडून राहते आणि कोंडलेली हवाच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओलावा शोषून घेते, तरी हातास ओली लागत नाही. दंवाने भिजलेल्या रानात पहाटे जाणाऱ्यास हा गुण फार मोलाचा.

परंतु आमच्या गावांत याहूनही मोठा फरक शेकोटीपाशी दिसतो. लोकरीवर ठिणगी पडली तर ती जळक्या केसासारखा वास देत काळी पडते व बहुधा आपोआप विझते. ॲक्रिलिक पेट घेते, वितळते आणि तो वितळलेला गोळा कातडीस चिकटतो. पाचटाची शेकोटी पेटवून तिच्याभोवती खेटून बसणारी मुले आणि चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आया यांनी हे विसरू नये. परीक्षा सोपी आहे. वीतभर धागा चिमट्यात धरून, मोठ्या माणसांच्या देखत, त्याचे टोक ज्योतीस लावावे. राख होऊन बोटांत चुरली तर ती लोकर. कठीण काळा मणी झाला तर ते ॲक्रिलिक. ज्यास मिश्र धागाच परवडतो, त्याने तो खुशाल घ्यावा, पण तो अंगात घालून विस्तवाजवळ जाऊ नये.

कोणी म्हणेल, आपल्याकडे धनगरांचे कळप आहेत, मग त्यांचीच लोकर का घेऊ नये? दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. परदेशी मेरिनो मेंढीच्या केसाच्या दुपटीहून तिचा केस जाड भरतो. ती अंगास बोचते व तिचा स्वेटर नीट होत नाही. तिचे खरे काम घोंगडी. धनगराने मेंढरे कातरावी, लोकर पिंजावी, सूत काढावे, आणि सणगराने ते मागावर चढवून, चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणावी, अशी ही जुनी साखळी आहे. घोंगडी पावसात पाणी अंगावर येऊ देत नाही, थंडीत पांघरूण होते, आणि बसावयास घातली तर जमिनीची ओल वर येत नाही. ती साखळी आता पुष्कळ ठिकाणी तुटली आहे. लोकरीस भाव नाही म्हणून ती टाकून देण्याचीही वेळ येते, याचे आम्हांस वाईट वाटते.

पण धनगराकडून घेण्यासारखी गोष्ट लोकरीहून निराळीच आहे. कळपामागून चालणारा मेंढका रिकाम्या हाताने चालत नसे. काखेत लोकरीचा पेळू, हातात चाती, म्हणजे आपली टकळी. मेंढरे चरत आहेत, आणि याची चाती फिरते आहे, सूत लांबते आहे. त्याने सूत काढण्यासाठी म्हणून निराळा वेळ कधी काढला नाही. जो वेळ मेंढरांना दिलेला होता, त्याच्याच सांदीत त्याने घोंगडीचे सूत काढले. हाच प्रकार सातासमुद्रांपलीकडेही होता. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लांद नावाचा, पूर्वी दलदलीचा असलेला प्रांत आहे. तेथील मेंढपाळ एकोणिसाव्या शतकापर्यंत पायांना उंच काठ्या बांधून त्यांवर चालत, म्हणजे चिखलात पाय रुतत नसत व कळपही दुरून दिसे. तिसरी लांब काठी पाठीमागे टेकून ते तसेच उभ्या उभ्या मोजे विणीत. दोन मुलखांची भाषा, धर्म, हवा सारेच भिन्न. परंतु मेंढ्या राखणाऱ्याचे हात मात्र सारखेच वागले.

यावरून आणखी एक गैरसमज जावा. विणणे हे मुलींचेच काम, असे आपल्याकडे समजतात आणि मुलाने सुया हाती घेतल्या तर घरातील माणसे हसतात. दख्खनचा धनगर पुरुष, लांदचा मेंढपाळ पुरुष. मध्ययुगाच्या अखेरीपासून युरोपातील कित्येक शहरांत विणकरांचे जे संघ होते, तेही पुरुषांचेच. विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली याने तयार केले, ते मोजे विणण्याचे. त्याही पूर्वीच्या, सुमारे सातशे-आठशे वर्षांमागील विणलेल्या सुती मोज्यांचे नमुने मिसर देशात सापडले आहेत. तेव्हा आमच्या मुलांनी निर्धास्त असावे.

आपल्या महाराष्ट्रात दोन सुयांचे हे काम युरोपियन लोकांबरोबर आले, आणि त्याचा प्रसार विशेषेकरून मिशनच्या मुलींच्या शाळांतून झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या व पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्या काळच्या अशा शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीस सुईकाम शिकविण्याची चाल असे. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या मुलींस हातचे उद्योग शिकविले, आणि १९०९ साली पुण्यास निघालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी शिवणकामाच्या व हस्तकलेच्या वर्गांस महत्त्व दिले. हात चालता असला तर बाई कोणाच्या तोंडाकडे पाहात नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९६२ साली चीनशी युद्ध झाले आणि हिमालयात आपल्या जवानांजवळ गरम कपडे अपुरे असल्याचे कळले, तेव्हा देशभर बायका व शाळकरी मुली स्वेटर व मोजे विणावयास बसल्या. घरोघर शिकलेली ती कला एका हिवाळ्यात राष्ट्राच्या उपयोगी पडली.

किल्लारीस अशा एका हिवाळ्याची आठवण निराळ्या कारणाने आहे. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या रात्री, भूकंप झाला. किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली. जी वाचली, ती पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत राहू लागली, आणि दोन महिन्यांत थंडी येऊन ठेपली. पत्रा दिवसा तापतो व रात्री बर्फासारखा होतो. देशभरातून कपड्यांची गाठोडी आली. ती पाठविणाऱ्यांचे उपकार विसरण्याजोगे नाहीत. तरी दुसऱ्याच्या मापाचा कपडा अंगास येईलच असे नसते. स्वेटराच्या बाबतीत तर माप चुकले की ऊबही चुकते. सैल गळ्यातून व रुंद बाह्यांतून वारा आत शिरतो. म्हणून आता मापाकडे व प्रत्यक्ष कामाकडे वळू.

साहित्य थोडेच लागते. सुयांच्या दोन जोड्या, एक दहा नंबरची व एक बारा नंबरची. सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हे नवशिक्यास उलटे वाटते. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडी, बारा म्हणजे पावणेतीन. विकत न मिळाल्यास बांबूच्या कामट्या गोल तासून, काचेच्या तुकड्याने घासून व तेल पाजून चांगल्या सुया होतात. काच वापरावयाची ती मोठ्या माणसाने. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरास सुमारे ३०० ग्रॅम लोकर लागते. ती एकदमच आणावी. मागाहून आणलेला गुंडा रंगाच्या निराळ्या घाणीतला निघतो आणि स्वेटराच्या मध्येच पट्टा उमटतो.

टाके दोनच प्रकारचे आहेत. सुई टाक्यात समोरून घालून फास मागून पुढे ओढला की ‘सुलट’, आणि सुई पाठीकडून घालून फास पुढून मागे नेला की ‘उलट’. वस्तुत: तो एकच टाका आहे, दोन बाजूंनी पाहिलेला. ओळीस विणणाऱ्या बाया ‘सुई’ म्हणतात. एक सुई सुलट व पुढची उलट असे विणीत गेले की पुढून गुळगुळीत वीण येते, परंतु तिच्या कडा गुंडाळल्या जातात. एकाच सुईत एक टाका सुलट व एक उलट घातले की रबरासारखी ताणणारी वीण येते. ती कमरेच्या, मनगटाच्या व गळ्याच्या पट्टीस वापरतात. एवढे दोन आठवड्यांत हातात बसते. आमची सूचना अशी की, शिकण्याचे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत जाड सुती दोऱ्यावर करावे, कारण त्या दिवसांत हातास घाम येऊन लोकर चिकटते. खरा स्वेटर दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावा.

सुरू करण्याआधी जे काम सर्वांत कंटाळवाणे वाटते, तेच सर्वांत महत्त्वाचे. चार इंचांचा एक चौकोन विणून पाहावा व एका इंचात किती टाके बसतात ते मोजावे. प्रत्येकाचा हात निराळा. कोणी धागा आवळतो, कोणी ढिला सोडतो. समजा, इंचास सहा टाके व आठ सुया बसतात असे गृहीत धरून हिशेब केला, आणि प्रत्यक्षात साडेपाचच टाके बसले. मग पंधरा इंचांच्या पाठीसाठी घातलेले ९० टाके सोळा इंचांहून अधिक जागा घेतील, आणि पुढची व मागची बाजू मिळून स्वेटर जवळजवळ तीन इंच सैल होईल. त्रैराशिक कशासाठी शिकावयाचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण पाटीवर करून पाहावे.

आता छाती २६ इंच असलेल्या मुलाचा स्वेटर घेऊ. आत सदरा असतो, हात हलवावे लागतात, म्हणून एकंदर घेर ३० इंच धरावा. पाठ १५ इंच, पुढील बाजूही १५ इंच. इंचास सहा टाके, म्हणून ९० टाके घालावे. बारीक सुयांवर दोन इंच पट्टी विणून मग जाड सुया घ्याव्या. कमरेपासून बारा इंच उंची झाली, म्हणजे ९६ सुया झाल्या, की मुंढ्यासाठी दोन्ही कडांचे सहा-सहा टाके बंद करावे. राहिलेल्या ७८ टाक्यांवर आणखी सहा इंच, म्हणजे ४८ सुया, सरळ वर जावे. पुढील बाजूस गळ्यासाठी शेवटच्या दोन-अडीच इंचांत मधले टाके बंद करून दोन्ही खांदे निरनिराळे विणावे. नवशिक्याने मुंढ्यास गोलाई देण्याच्या भरीस पडू नये.

बाह्यांच्या बाबतीत मात्र आमचे मत रूढीहून थोडे वेगळे आहे. बहुतेक बाया बाही मनगटापासून वर विणतात आणि मग मुंढ्यास शिवतात. विणीचा स्वभाव असा आहे की, जेथे टाके शेवटी बंद केले त्या बाजूने ती सहज उसवते. जेथे टाके प्रथम घातले त्या बाजूने उसवत नाही. म्हणून मनगटापासून विणलेली बाही पुढील वर्षी मनगटाशी वाढविता येत नाही. त्याऐवजी आधी खांदे जोडावे, मग मुंढ्याच्या उभ्या कडेवरून टाके उचलावे. पुढील व मागील मिळून ९६ सुयांची कड असते. दर चार सुयांस तीन टाके उचलले की बरोबर ७२ होतात, म्हणजे बारा इंच. तेथून खाली विणीत यावे आणि दर आठव्या सुईस दोन्ही कडांस एकेक टाका कमी करावा. पंधरा इंचांत १२० सुया, म्हणजे पंधरा वेळा दोन-दोन टाके गेले, व मनगटाशी ४२ उरले. शेवटचे दोन इंच बारीक सुयांवर पट्टीचे. अशी बाही पुढील दिवाळीत मनगटाचे टोक सोडवून, पट्टी उसवून, दोन इंच वाढवून पुन्हा बंद करता येते. वाढत्या मुलाच्या आईस ही युक्ती आवडेल.

एकंदर टाक्यांचा हिशेब असा. पाठ सुमारे १२,०००, पुढील बाजू तितकीच, दोन बाह्या १४,०००च्या आसपास, गळपट्टी दीड हजार. सारे मिळून जवळजवळ ४०,००० टाके. नवशिक्याचा हात मिनिटास पंधरा टाके घालतो, म्हणजे तासास नऊशे. भागाकार केला तर सुमारे ४५ तास येतात. अठरा दिवसांच्या सुट्टीत रोज अडीच तास, असा त्याचा अर्थ झाला. इतका वेळ एका बैठकीत कोणास मिळणार? सोयाबीनची रास खळ्यावर असते, हरभऱ्याची पेरणी चालू असते, मुलांना शेतावर जावे लागते. परंतु अडीच तास सलग मिळण्याची गरजच नाही. एसटीची वाट पाहताना पाऊण तास, दळणाच्या रांगेत अर्धा तास, दुपारी म्हातारीशी गप्पा मारताना एक तास. सुया व गुंडा एका थैलीत घालून बरोबर ठेवावा. ओळ पुरी करूनच काम खाली ठेवावे. अर्ध्या ओळीवर सोडले तर पुन्हा उचलताना दिशा चुकते व टाके सुईवरून सुटतात. ज्यास हा आकडा भारी वाटेल, त्याने पहिल्या वर्षी बिनबाह्यांचा स्वेटर करावा. त्यास २६,००० टाके, म्हणजे तीस तासांच्या आत, आणि २०० ग्रॅम लोकर पुरते.

काम चालू असता सर्वांस भेडसावणारी गोष्ट म्हणजे निसटलेला टाका. एक फास सुईवरून सुटला की त्याच्या खालचा मोकळा होतो, मग त्याच्याही खालचा, आणि शिडीसारखी उभी फट पडत जाते. प्रत्येक टाक्यास वरच्या टाक्याने धरलेले असते, दुसरा आधार नाही. आमच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट रुंद होत्या, परंतु त्यांची आतील व बाहेरील दगडांची रांग एकमेकींत गुंतलेली नव्हती. मध्ये माती होती. भूकंपात त्या रांगा सुटून निरनिराळ्या कोसळल्या, आणि वरचे मातीचे जड माळवद खाली आले. पुढे भिंतीच्या आरपार जाणारे बंधदगड घालण्याचा आग्रह अभियंत्यांनी धरला तो याचसाठी. जाडीने बळ येते असे वाटते, पण ते गुंतण्याने येते. निसटलेला टाका दिसताच घाबरू नये. क्रोशाची आकडी त्या शेवटच्या मोकळ्या फासात घालून शिडीचा एकेक पायरीचा धागा त्यातून ओढीत वर यावे आणि फास पुन्हा सुईवर चढवावा. विणलेले सारे उसविण्याचे कारण नाही.

शिवण घालताना त्याच लोकरीचा धागा वापरावा व कडेचे टाके समोरासमोर धरून ओवावे. शिलाई यंत्रावर मुळीच शिवू नये, नाहीतर उसविण्याची वाट आपणच बंद केल्यासारखे होईल. धुताना कोमट पाणी व सौम्य साबण घ्यावा. लोकर चोळली किंवा कढत पाण्यात घातली तर तिचे केस एकमेकांत अडकतात, वीण आटते व ती पुन्हा सुटत नाही. पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावे. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वत:च्या भाराने लांबतो व भावाच्या गुडघ्यापर्यंत येतो! होळीनंतर स्वेटर पेटीत ठेवण्यापूर्वी धुऊन, कडक ऊन दाखवून, कडुनिंबाच्या वाळल्या पानांबरोबर ठेवावा. कसर मळलेल्या लोकरीकडे अधिक धावते.

दोन वर्षांनी स्वेटर पुरा उसवण्याची वेळ आली, की प्रथम शिवणी सोडाव्या, नंतर शेवटी बंद केलेल्या टोकाकडून ओढीत जावे. निघालेला धागा कुरळा असतो. तसाच विणला तर वीण ओबडधोबड येते. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून काठीवर अडकवावी व खाली लहानसे वजन लावावे. एका दिवसात कुरळेपणा जातो. कोपराशी व कडेशी झिजलेला भाग तेवढा काढून टाकावा, आणि कमी पडेल तितकी नवी लोकर दुसऱ्या रंगाची घेऊन ती कमरेच्या व मनगटाच्या पट्टीस लावावी, म्हणजे ती मुद्दाम लावल्यासारखी दिसते. इतके करून साठ-सत्तर ग्रॅम शिल्लक राहिलीच, तर घरातील आजोबांसाठी कानटोपी होते. तिचे इंग्रजी नाव क्रिमियातील बालाक्लाव्हा या गावावरून पडले. १८५४ साली तेथे लढाई झाली, आणि त्या मोहिमेतील गारठलेल्या इंग्रज शिपायांसाठी तसल्या टोप्या विणल्या गेल्या, असे सांगतात. चार-पाच संध्याकाळींचे काम आहे.